ऊन नुसतं घर बदलतं

…आन वरनं मलाच म्हनत्यात, "मच्छिंद्र, बाप गेला तरी तुझ्या डोळ्यात टिपूस न्हाई!" अवो, टिपूस येनार कुठनं? अंगात जेवढं पानी हुतं तेवढं घामावाटं गेलं की समदं! मानसाला टाकी असती एक, ती चारी बाजूनं गळाया लागल्यावर डोळ्याच्या नळाला काय येनार, हवा? आमचा नाना तर भर मान्सात म्हनला, "रड की जरा, लोक बघत्यात." म्हनलं नाना, लोक बघत्यात, लोक बघत्यात, ह्याच्या पायीच तर ही येळ आली आपल्यावर! पर ते मनात म्हनलं. चुलत्याला तोंडावर कोन बोलतंय?

बसा, हितंच बसा लिंबाखाली. भेटायला आलात, बरं वाटलं. आत आई हाय, तिला भेटायचंय तुमाला, न्हाई कोन म्हनतंय? भेटा. पर एवढ्यात आत जाऊ नका. आदी माझं ऐकून घ्या, मग तुमीच म्हनाल, मच्छिंद्रा, बरं झालं सांगितलंस.

हे घर बघा. वर बघा, वर. निळा पत्रा! लांबनं कसा देखना दिसतो, एस्टीतली मान्सं इचारत्यात, बंगला कुनाचा म्हनून. आदी आमची कौलं हुती, पर गावात माकडं आली आन कौलाचा पार चुरा केला, मग नाना म्हनला, "पत्रा टाक. निळा टाक. शोभा येती." आली शोभा! तुमाला सांगतो, आमच्या आबाला ह्या शोभेनं खाल्लं. वाघानं न्हाई, सापानं न्हाई, पत्र्यानं! डॉक्टर म्हनला, "वय झालं होतं." वय झालं हुतं ह्यो काय रोग हाय व्हय? वय तर नानाचंबी झालंय, त्यो बघा तिकडं मांडवात बसून कसा पान जमवतोय!

आता तुमी म्हनाल पत्रा काय मानूस मारतो का. मीबी तसंच म्हनायचो. पर आमचा मेव्हना हाय ना, ओंकार, मंडळीचा धाकटा भाऊ, संगमनेरला कॉलेजात शिकवतो, ह्येच इषय, ऊन, तापमान, किरनं. त्यो मातीला आला आन दारात पाय ठेवल्या ठेवल्या वर बघून म्हनला, "दाजी, हा पत्रा नाही, हा तवा आहे, आणि आपण तव्याखाली उभे आहोत." लोक रडत्यात आन ह्यो वर बघतोय! मला म्हनला, "हात वर करा. पत्र्याला लावू नका, नुसता जवळ न्या." नेला. तर काय सांगू, न शिवता भाजलं! "बघा," म्हनला, "हवा तापली म्हणून नाही भाजलं. पत्रा स्वतः उष्णता फेकतोय, किरणांनी. प्रत्येक वस्तू फेकते, आणि तापमान थोडं जरी वाढलं तरी फेक दणक्यानं वाढते, चौथ्या घातानं!" म्हनलं चौथा काय, मला तर पयल्याच घाताचा हिशेब लागंना! पर त्यो शेवटाला एक बोलला ते मातुर ध्यानात राह्यलं. "दाजी, उष्णता मरत नसते. एकीकडून निघाली की दुसरीकडं जाऊन बसते." आता हे कॉलेजातलं झालं, आपल्यात कसं म्हनायचं? ऊन मरत न्हाई वो, नुसतं घर बदलतं!

आन आमच्या आबाला ह्यातलं काय कळत हुतं का? कायबी न्हाई. आबाला वाटायचं पत्र्यात बिघाड हाय, दुकानदारानं फसवलं. पर उनाळा लागला की त्यो एक करायचा. उसाची तोड झाली की रानात वाळका पाला राहतो ना, पाचट, ते भारं बांधून आनायचा आन शिडीवर चढून समद्या पत्र्यावर पसरायचा, वरनं दगडं ठेवायचा. सकाळच्याला दोन घागरी पानी मारायचा. घर कसं दिसायचं? भिकाऱ्याच्या डोक्यावरच्या केसावानी! पर आत बसवायचं. दुपारी झोप लागायची. कुनी काय म्हनलं की आबा म्हनायचा, "अरं, त्यो कचरा न्हाई, ते घराचं पागोटं हाय. मानसानं उन्हात उघड्या डोक्यानं बसावं का?"

तर ह्या साली झालं काय, आमच्या रेश्माला, माझ्या लेकीला, बघायला पाव्हनं येनार, कोपरगावाकडचं. स्थळ चांगलं. पोरगा दूध डेअरीत. नाना आदल्या दिशी आला, दारात उभा राह्यला, वर बघितलं आन कपाळाला हात लावला. "मच्छिंद्रा! हे काय रं? घर हाय का उकिरडा? पाव्हनं काय म्हनतील? पोरगी द्यायची हाय का जळन इकायचं हाय?" आबा म्हनला, "अमृत, राहू दे, पाव्हन्यालाबी गारच वाटंल." नाना कशाचा ऐकतोय! "दादा, तुमी गप बसा. तुमाला जनरीत कळत न्हाई." आन चढला की सोता शिडीवर! पाचट खाली, दगडं खाली, आन पाचट ठेवायचं तर कुठं, तर अंगनातबी दिसायला नको, म्हनून बांधावर नेऊन दिलं पेटवून! पाच मिन्टात खलास. आबा लांबनं बघत हुता. म्हनला, "चला, पागोटं गेलं." एवढंच म्हनला.

पाव्हनं आलं, आत बसलं. पोह्याची ताटली हातात घेतली आन घाम ताटलीत टपटप! पोरीला इचारतोय नाव काय, शिकशन किती, आन एका हातानं टोपीनं वारा घेतोय. दहा मिन्टात समदं पाव्हनं हितं, ह्याच लिंबाखाली. जाताना नानाला काय म्हनलं, "पोरगी पसंत पडल्यासारखीच हाय, पर घरात लई उकडतंय बुवा. कळवतो." अजून कळवत्यात! आन नाना माझ्याकडं बघून म्हनतो, "पर पत्र्याचं नाव काढलं का कुनी? लांबनं बघून म्हनले, छान हाय!"

त्याच्या आठव्या दिशी आबा गेला.

दुपारचं ऊन. बाहेर झळ अशी, की कुत्रंबी मोरीत जाऊन बसलेलं. लिंबाखाली बाज टाकायची तर गरम वारा भाजून काढतोय, म्हनून आबा आत, खाटंवर. लाईट गेल्याली. मी, मंडळी आन रेश्मा रानात, पान्याची पाळी. घरात आई एकटी. आई सांगती, पत्रा कडाकडा वाजत हुता, तापला की वाजतो त्यो, आन आबा म्हनत हुता, "मालन, पत्रा बोलाया लागला गं." आईनं सुपानं वारा घातला. आबाचं अंग वलंचिंब. मग हळूहळू घाम थांबला. आन आईला काय वाटलं? तिला वाटलं, बरं झालं, गार वाटतंय त्यास्नी आता. घाम थांबला म्हंजी उकडायचं थांबलं! कुनालाबी तसंच वाटंल का न्हाई? तुमालाबी वाटलं असतं. म्हनली, "झोपा जरा." सूप खाली ठिवलं. आन त्यो झोपला… झोपलाच.

ओंकार म्हनला, "दाजी, माणसाचं अंग सारखं उष्णता बनवतं आणि सारखं बाहेर टाकतं. पण भोवतालचं सगळंच अंगापेक्षा गरम झालं तर टाकायची कुठं? मग एकच वाट उरते, घाम. तोही थांबला की…" ऊन मरत न्हाई, नुसतं घर बदलतं. पत्र्यातनं निघालं आन आबाच्या अंगात जाऊन बसलं. भाडंकरू म्हनून आलं आन मालकाला बाहेर काढलं.

बरं, गेला तर गेला, सांजंला माती उरकायची, गोदावरी काय लांब न्हाई. तर नाना म्हनला, "विजूला तोंड दाखवायला नको?" विजू म्हंजी विजयमाला, आमची बहीन, सुरतेला दिलीया, तिचा नवरा साडीच्या मिलात. लेकीनं बापाच्या तोंडात पानी घातल्याबिगर माती व्हत न्हाई आमच्यात. ती निघाली, पर गाडी मनमाडला बदलायची, दुसऱ्या दिशी येनार. आन मे म्हयन्यात, ह्या पत्र्याखाली, आबाला दुसऱ्या दिसापत्तुर ठेवायचं कसं? तर नाना म्हनला, "फ्रीजरची पेटी आनू."

आली पेटी. टेम्पोतनं आली. तुमाला सांगतो, आमच्या घरात आजवर फ्रीज आला न्हाई, कुलर आला न्हाई, आन आली ती डायरेक पेटी! वर काच, आत लाईट, उशाकडच्या बाजूला मशीन. पेटीवाल्यानं बटन दाबलं, घुर्रर्र, आन आबा आत. सत्तर-पंच्याहत्तर वर्सं उन्हात काढल्याला मानूस, पान्याच्या पाळ्या, उसाच्या तोडी, आन जन्मात पयल्यांदा त्याला गार हवा लागली ती अशी! त्याच्या तोंडावर तर… खोटं न्हाई सांगत, चेहरा इसावल्यावानी दिसत हुता. नाना म्हनला, "बघ, कसा शांत दिसतोय दादा." दिसनारच! गार वाटतंय त्याला!

रात कशी गेली ते इचारू नका. सकाळ झाली आन लोकं आली. कुठनं कुठनं आली! आता खोली केवढी? दोन खाटा टाकल्या तर पाय ठेवाया जागा न्हाई. त्यात पेटी, त्यात चाळीस मान्सं, आन समदी पेटीला चिकटून! मला आदी वाटलं काय ही माया! जिता असताना आबाकडं जी कधी चार मिन्टं बसली न्हाईत, ती आता पेटीवर हात ठेवून उठंनात! एक जन उठला की दुसरा त्याच जागंवर. मग माझ्या ध्यानात आलं. गार लागत हुती ना पेटी! लोकं पेटीवर हात ठेवायची, "आबा, आबा" म्हनायची आन तोच हात गुपचूप मानंवरनं फिरवायची!

आन ओंकार माझ्या कानात. "दाजी, ही गर्दी बाहेर काढा. एक माणूस नुसता बसला तरी शंभर वॉटच्या बल्बाइतकी उष्णता टाकतो." म्हनलं, आन रडत असला तर? म्हनला, "थोडी जास्त." आता झालं का! मी खोलीकडं बघितलं तर मला मान्सं दिसनातच. समदे बल्ब! चाळीस बल्ब फेटे-पदर घिऊन बसल्यात, आन वरनं तवा! मी उठून हात जोडले, म्हनलं मंडळी, जरा बाहेर बसा, आत लई गरम हुतंय. तर एक म्हातारी उसळली, "आमी काय आगटी हाय व्हय रं? शेवटचं बसूबी दिना झालाय!" दुसरा म्हनला, "बाप गेला आन ह्याला उकाड्याची पडलीया." परत नानाचं तेच, "मच्छिंद्रा, लोक बघत्यात."

पर खरी गंमत पुढं हाय. गंमत म्हनायचं म्हनून म्हनतो. पेटीचं असं असतं, आत गार करती ते ऊन जातं कुठं? मशीनीच्या मागनं बाहेर फेकती! फू… फू… करून, भट्टीवानी! ऊन मरतंय थोडंच? नुसतं घर बदलतं. आबाचं ऊन मशीनीत, मशीनीचं ऊन खोलीत. आन मशीन कुठं? उशाकडं. आन आमच्यात मेल्याल्या मानसाच्या उशाशी कोन बसतं? बायको! म्हंजी आई. बरुबर मशीनीच्या तोंडाशी! कालपास्नं, हिरवं लुगडं, डोईवर पदर, पाठीमागं बायांचा गराडा, वरनं पत्रा, म्होरनं मशीन. आन पोटात पानी न्हाई, कारन माती झाल्याबिगर बायकोनं पानी घ्यायचं न्हाई.

ओंकार म्हनला, "दाजी, मावशींना बाहेर झाडाखाली न्या." मी पुढं झालो तर बाया म्हनल्या, "पेटी घरात असताना ती उंबरा वलांडंल? आक्रीतच की!" बरं, म्हनलं, मग पायाकडं बसवू. "पायाकडं? ती काय परकी हाय?" बरं, मग पेटीच फिरवू, मशीन पलीकडच्या भिंतीला जाईल. तर नाना! उभा राह्यला, काठी आपटली, "पाय दक्षिनेलाच! दादाला उलटा झोपवनार का? सात पिढ्या नरकात जातील!" म्हनलं नाना, सात पिढ्याचं बघू, ही एक पिढी डोळ्यादेखत चाललीया! पर हेबी मनातच म्हनलं. आपलं समदं बोलनं असं मनातच.

विजूचा फोन, गाडी मनमाडच्या अलीकडंच उभी. सिग्नल न्हाई. आन बरुबर बाराच्या टायमाला पत्रा वाजाया लागला. कड्… कड्… कड्… आदल्या दिशी हाच आवाज आबानं ऐकला हुता. मी आईकडं बघितलं, तर आईनं मान वर करून पत्र्याकडं बघितलं.

आन लाईट गेली. पंखा बंद. पेटी बंद. पेटीवाला म्हनला, "घाबरू नका, झाकन उघडू नका, तासभर काय हुत न्हाई." आन ओंकारनं माझा दंड धरला. आवाज असा बारीक. "दाजी. मावशींना घाम नाहीये."

मी बघितलं. कपाळ कोरडं. वठ कोरडं. सकाळी लुगडं पाठीला चिकटलं हुतं, ते वाळलं हुतं. पाठीमागच्या बाया म्हनत्यात, "शोकानं सुकली गं बाई, शोकानं!" अवो, शोकानं न्हाई! काल ह्याच घरात हेच झाल्यालं हाय! मी धावलो, बायांच्या पायावर पाय देत गेलो, कुनी शिव्या दिल्या, म्हनलं आई ऊठ, बाहेर चल, पानी पी, जनरीत गेली खड्ड्यात… आन पयल्यांदा हे मनात न्हाई, तोंडानं म्हनलं! आन तेवढ्यात आई म्होरं झुकली, झुकली ती पडलीच, पेटीवर, काचंवर, गाल टेकवला, दोनी हात पसरून पेटीला मिठी मारली!

काय आकांत झाला म्हनून सांगू! बायांनी हंबरडा फोडला. "मालनबाई! काय ही माया! पन्नास वर्साचा संसार! सुटंना गं हात!" नानानं डोळ्याला उपरनं लावलं. मी तिच्या दंडाला धरून उचलाया लागलो, तर तिनं डोळं उघडलं. माझ्याकडं बघितलं. आन एवढ्या बारीक आवाजात, फकस्त मला ऐकू जाईल असं म्हनली…

"हात लावू नको. गार हाय रे."

मी हात काढला. अवो, काय करनार? उभा राह्यलो, तिच्या म्होरं आडवा, आन लोकास्नी वरडून सांगितलं, "कुनी तिला उठवायचं न्हाई! शेवटची भेट हाय!" आन समदी मान्सं मागं सरली. म्हातारी उठली, बाया उठल्या, पदर तोंडाला लावून एकेक बाहेर गेली, कारन नवरा-बायकोची शेवटची भेट कोन बघत बसतंय? जे माझ्या हात जोडन्यानं झालं न्हाई ते त्या मिठीनं झालं. खोली रिकामी! चाळीस बल्ब बाहेर!

आन काचंवर दव धरलं हुतं, बारीक बारीक थेंब. आईनं पदर काचंवरनं फिरवला आन त्योच पदर आपल्या तोंडावर, मानंवर. परत काचंवर, परत तोंडावर. दारातनं बघनारी बाई म्हनली, "नवऱ्याचं तोंड पुसती बघा माउली." म्हनलं, व्हय. पुसती. आन मी तांब्या आनला, आन लोकांकडं पाठ करून तिच्या तोंडाला लावला. जनरीत मोडली. प्याली. अर्धा तांब्या प्याली.

ओंकार गुडघ्यावर बसला, काचंला हात लावला आन माझ्याकडं बघून कसंनुसं तोंड केलं. म्हनला, "दाजी, एक अडचण आहे. मावशींची उष्णता काचेतून आत चाललीय. लाईट नाही. पेटी लवकर तापेल. आबांचं शरीर…" आता बोला! हिकडं आई, तिकडं आबा. हिला उचललं तर ही तापती, न्हाई उचललं तर त्यो तापतो, आन विजू अजून मनमाडच्या अलीकडंच. लेकीला बापाचं तोंड नीट दिसायला पायजे म्हनूनच तर ही पेटी आनलीया! मी ओंकारला म्हनलं, राहू दे. म्हनलं, आबाला इचारलं असतं तर त्यो काय म्हनला असता? त्यो म्हनला असता, घे गं, तुझं ऊन हिकडं दे, मला आता काय हुतंय.

तुमाला खरं सांगतो, आबानं जन्मात आईला कधी मायेचा शबुद दिला न्हाई. जत्रंत गेला तर चार पावलं म्होरं चालायचा. कधी तिच्या हातातली घागर घेतली न्हाई, लोक बघत्यात म्हनून. आन त्या दुपारी, समद्या गावादेखत, काचंपल्याड झोपून त्यानं तिच्या अंगातलं ऊन काढून आपल्या अंगावर घेतलं. ऊन मरत न्हाई वो. नुसतं घर बदलतं. तवा आला मला हुंदका. पर पानी कुठं हुतं डोळ्यात? नुसता आवाज आला. नाना दारातनं म्हनला, "आता कसं, रड."

लाईट आली. विजू आली. स्टेशनावरनं धावतच आली. पेटी उघडली, तिनं तोंड बघितलं, पानी घातलं. म्हनली, "आबा किती शांत दिसत्यात रे." म्हनलं, व्हय.

आन मग काय, उचलला आन घाटावर नेला. आन एवढा दिस-रात गार करून, मशीन लावून, लाईटीच्या नावानं देव पान्यात घालून शेवटी केलं काय? पेटवला! हसू नका, मीच पेटवला. धा पावलांवर उभा राहवंना, तोंड भाजाया लागलं, समदी मान्सं मागं मागं. ओंकार बाजूला उभा. मीच म्हनलं, किरनं ना? म्हनला, "हो दाजी." म्हनलं, आन आता हे ऊन कुठं जानार? त्यानं वर बोट केलं. आभाळात. म्हनला, "तिथं मात्र कितीही मावतं." तेवढं एक घर मोठं बघा.

सांजंला परत आलो. पेटी टेम्पोत चढवत हुते. आईनं आंघुळ केल्याली, दारात बसल्याली, टेम्पोकडं बघत हुती. टेम्पो वळला तरी बघत हुती. मला जवळ बोलावलं. म्हनली, "मच्छिंद्रा, माझ्या येळंला एक कर." म्हनलं, काय गं? म्हनली, "विजूला लवकर कळवू नको. जरा उशिरानं कळीव. दोन दिस तरी लागू दे तिला यायला."

म्हनलं, आई, असं बोलू नको! उद्याच्या उद्या पाचट टाकतो! सकाळीच बैलगाडी जुपतो, गाडीभर आनतो शेजाऱ्याच्या रानातनं, आबानं टाकलं हुतं त्याच्या दुप्पट टाकतो! आन खरंच आनलं, हे बघा तिकडं गोठ्यामागं रचून ठिवलंय, दिसतंय ना? आन शिडी लावली, पयल्या पायरीवर पाय ठिवला, तर मागनं काठीचा आवाज. नाना. "मच्छिंद्रा, येडा का खुळा? तेराव्याला ते कोपरगावचं पाव्हनं येनार हायेत. आपल्या दुखात येत्यात म्हंजी सोयरीक जुळत आलीया, आन तू घरावर उकिरडा करतो? तेरावं हू दे. मग टाक काय टाकायचं ते." मी रेश्माकडं बघितलं. ती खाली बघत हुती. शिडीवरनं पाय खाली घेतला.

बाहेर मांडव घातलाय बघा, ताडपत्रीचा, भेटायला येनाऱ्यास्नी ऊन लागू नये म्हनून. पाव्हन्याला मांडव आन आईला पत्रा! कारन तेराव्यापत्तुर तिनं उंबरा वलांडायचा न्हाई. मी दर घटकंला आत जाऊन तिच्या कपाळाला हात लावून येतो. वलं लागलं की बरं वाटतं. आज सातवा दिस.

…तर आता जा, भेटा. आत हाय ती, डाव्या अंगाला, पानी तिथंच ठिवलंय, तिला दोन घोट पाजा. पर एक हात जोडून सांगनं हाय, एकेकानं जा. आन रडायचं आसंल ना, तर ते हितं लिंबाखाली रडून घ्या.